वाचकांचे प्रश्न : नर्सची व्यावसायिक ओळख कशी घडते?

नर्सिंगच्या शिक्षणाविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रलेखकांमध्ये विद्यार्थी आहेत, शिक्षक आहेत आणि या व्यवसायाशी थेट संबंध नसलेले एक वाचकही आहेत. नावे वगळली असून प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : मी नुकतीच नर्सिंग महाविद्यालयात शिकवू लागले आहे. नव्या अभ्यासक्रमात ‘व्यावसायिक ओळख घडवणे’ हे एक उद्दिष्ट म्हणून दिलेले आहे. माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मते याचा अर्थ शिस्त, स्वच्छ गणवेश, वक्तशीरपणा आणि वरिष्ठांचे ऐकणे एवढाच आहे. मला हे अपुरे वाटते, पण नेमके काय राहून जाते ते मांडता येत नाही. शिवाय, ओळख ही शिकवण्याची गोष्ट आहे का?

आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे अपुरे आहे खरे. मात्र ते कोठून आले हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्याशी चर्चा पुढे सरकणार नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात प्रशिक्षण शाळा सुरू झाली, तेव्हा प्रत्येक शिकाऊ परिचारिकेची महिन्याच्या महिन्याला नोंद ठेवली जात असे. त्या नोंदपत्रकात एकीकडे मलमपट्टी, रुग्णाचे निरीक्षण अशी कौशल्ये होती आणि दुसरीकडे वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासार्हता, नीटनेटकेपणा असे स्वभावगुण होते. घराबाहेर पडून परक्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीकडे समाज संशयाने पाहत होता, अशा काळात या स्वभावगुणांच्या नोंदीने त्या स्त्रियांना प्रतिष्ठेचे कवच दिले. पुढे अनेक देशांत, अनेक दशके, नर्सिंगच्या शाळा रुग्णालयांनीच चालवल्या आणि वॉर्डातले बहुतेक काम विद्यार्थिनींच्याच हातून होत राहिले. अमेरिकेत १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या गोल्डमार्क अहवालाने ही अडचण स्पष्टपणे मांडली, की रुग्णालयाची मनुष्यबळाची गरज आणि विद्यार्थिनीची शिक्षणाची गरज यांचा संघर्ष होतो, तेव्हा शिक्षण मागे पडते. ज्या व्यवस्थेला शिकणाऱ्यांकडून आधी काम हवे असते, तिला प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीपेक्षा आज्ञाधारक विद्यार्थिनी सोयीची वाटणार, हे उघड आहे. आपल्या सहकाऱ्यांची व्याख्या या परंपरेतून आलेली आहे आणि त्यांच्या शिक्षकांनी ती त्यांना मनःपूर्वक दिलेली आहे.

आता उणीव कोणती, ते पाहू. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१८ पासून नर्सिंगच्या शिक्षकांनी या संकल्पनेवर एकत्रितपणे काम केले आणि तिची एक व्याख्या तयार केली. तिचा आशय असा, की नर्सिंगची वैशिष्ट्ये, रीती आणि मूल्ये यांच्या प्रभावातून, इतरांशी असलेल्या नात्यांमध्ये, माणसाला स्वतःविषयी जी जाण येते आणि जिच्यामुळे तो नर्स म्हणून विचार करतो, नर्स म्हणून वागतो आणि आपण नर्स आहोत असे त्याला आतून वाटते, ती जाण म्हणजे व्यावसायिक ओळख. या मांडणीत चार अंगे धरली आहेत : मूल्ये आणि नीती, ज्ञान, नेतृत्व, आणि व्यावसायिक वर्तन. आपल्या सहकाऱ्यांची यादी या चौकटीवर ठेवून पाहा. गणवेश, वेळ, बोलण्याची रीत हे सारे जवळजवळ पूर्णपणे शेवटच्या अंगात मावते. उरलेली तीन अंगे रिकामी राहतात आणि आपल्याला जाणवणारे अपुरेपण नेमके तेच आहे.

एका उदाहरणाने ते अधिक स्पष्ट होईल. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या दिवशी एका रुग्णाचा रक्तदाब, नाडी आणि ताप सर्व ठीक आहेत, पण सकाळी मिनिटाला १६ असलेला श्वसनाचा वेग दुपारी २२ झाला आहे आणि तो रुग्ण “काहीतरी बरे वाटत नाही” एवढेच म्हणतो. एक विद्यार्थिनी आकडे तक्त्यावर अचूक लिहिते आणि पुढच्या खाटेकडे जाते. दुसरी तेच आकडे लिहिते, पण तेथून हलत नाही. ती रुग्णाला आणखी दोन प्रश्न विचारते, श्वास पुन्हा पूर्ण एक मिनिट मोजते, प्राणवायूची पातळी पाहते आणि वॉर्डच्या सिस्टरना जाऊन सांगते, की मला या रुग्णाची काळजी वाटते, आपण येऊन पाहावे. गणवेश दोघींचाही स्वच्छ आहे आणि दोघीही वेळेवर आलेल्या आहेत. पहिलीने नेमून दिलेले काम पार पाडले. दुसरीने त्या माणसाच्या बाबतीत स्वतःला उत्तरदायी मानले. अनेक रुग्णालयांत प्रकृती बिघडू लागलेल्या रुग्णाकडे लगेच धावून जाणारी तातडीची प्रतिसाद पथके असतात; त्यांच्या नियमांत, सर्व आकडे मर्यादेत असतानाही केवळ ‘नर्सला वाटणारी काळजी’ हे पथक बोलावण्याचे वैध कारण मानलेले आहे. म्हणजे व्यवस्थेने या जाणिवेला अधिकार दिलेला आहे. आपल्या विद्यार्थिनींना तो अधिकार वापरण्याइतका स्वतःवर विश्वास वाटतो का, हा आपल्यापुढचा शैक्षणिक प्रश्न आहे.

ओळख शिकवता येते का, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की व्याख्यानातून ती देता येत नाही, परंतु ती जेथे घडते ते वातावरण मुद्दाम तयार करता येते आणि ते शिक्षकाच्या हाती असते. पॅट्रिशिया बेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्नेगी प्रतिष्ठानासाठी केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नर्सिंग शिक्षणाच्या अभ्यासात, भूमिका अंगवळणी पाडण्यावरचा भर कमी करून विद्यार्थ्याच्या घडणीकडे पाहावे, असे सुचवले होते. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. भूमिका अंगवळणी पडते तेव्हा विद्यार्थी बाहेरून ठरलेल्या साच्यात बसतो; घडण होते तेव्हा त्याची पाहण्याची, ऐकण्याची आणि निर्णय घेण्याची पद्धतच बदलते. वॉर्डात आपण विद्यार्थिनीला “हे केलेस का?” असे विचारतो तेव्हा ती कामाची यादी लक्षात ठेवायला शिकते. “या रुग्णाच्या बाबतीत आज तुला सर्वांत जास्त कशाची चिंता वाटते, आणि का?” असे विचारतो तेव्हा तिला रुग्णाकडे नर्सच्या नजरेने पाहावेच लागते. सहकाऱ्यांशी बोलताना शिस्तीला विरोध करू नका; शिस्तीमागचे कारण विद्यार्थ्यांसमोर मांडण्याचा आग्रह धरा. ड्युटीवर वेळेवर यायचे ते वरिष्ठ रागावतील म्हणून, असे शिकलेली मुलगी वरिष्ठ नसताना उशिरा येईल. पाळी बदलताना पुढच्या नर्सला रुग्णांची माहिती देण्याचा हँडओव्हर घाईत झाला तर एखाद्या रुग्णाची महत्त्वाची बाब सांगायची राहून जाते, हे जिला कळले आहे, ती कोणाच्या धाकाशिवाय वेळ पाळेल.

प्रश्न : मी या क्षेत्रातला नाही. उपचार डॉक्टर ठरवतात आणि नर्स त्यांची अंमलबजावणी करतात, असेच आम्ही पाहत आलो आहोत. मग नर्सच्या स्वतंत्र व्यावसायिक ओळखीवर एवढा भर कशासाठी? त्याने रुग्णाला काय मिळते?

प्रश्न रास्त आहे, कारण रुग्णालयात बाहेरून आलेल्या माणसाला काम तसेच दिसते. डॉक्टर रुग्णापाशी दिवसातून काही मिनिटे असतात आणि नर्स चोवीस तास असतात. दोन भेटींच्या मधल्या काळात रुग्णात जो बदल होतो, तो आधी कोणाच्या लक्षात येणार, याचे उत्तर या व्यवस्थेतच आहे. गुंतागुंत उद्भवली तरी ती वेळीच ओळखली गेली तर रुग्ण वाचू शकतो आणि ही वेळ साधणे बहुतांशी नर्सच्या निरीक्षणावर आणि ते निरीक्षण ठामपणे सांगण्यावर अवलंबून असते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. युरोपातील ९ देशांतील ३०० रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. एका नर्सवर आणखी एका रुग्णाचा भार वाढला, की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि पदवीधर नर्सचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल, तेथे ती शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण थेट सिद्ध होत नाही, हे मान्य करूनही या आकड्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही. नर्सचे काम केवळ अंमलबजावणीचे असते, तर तिच्या शिक्षणाने एवढा फरक पडायला नको होता.

नर्सची ओळख दुबळी असली की काय होते, याचे वर्णन लिओनार्ड स्टाइन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्येच करून ठेवले आहे. नर्सला रुग्णासाठी काय करायला हवे ते ठाऊक असते, परंतु तिने ते अशा रीतीने सुचवायचे की कल्पना डॉक्टरांचीच वाटावी, असा तो अलिखित खेळ होता. अशा आडवळणाच्या बोलण्यात वेळ जातो आणि कधी कधी संदेशच हरवतो. त्यावरील एक उपाय म्हणून आज अनेक रुग्णालयांत रुग्णाची माहिती देण्याची ठरलेली चार टप्प्यांची पद्धत वापरतात : सध्याची स्थिती, पार्श्वभूमी, माझे आकलन आणि माझी शिफारस. पहिले दोन टप्पे कोणतीही काळजीपूर्वक नोंद ठेवणारी व्यक्ती पार पाडू शकेल. शेवटचे दोन टप्पे उच्चारण्यासाठी, माझ्या आकलनाला किंमत आहे, असे बोलणाऱ्याला वाटावे लागते.

प्रश्न : मी तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. वर्गात शिकवलेली पद्धत वॉर्डात वापरू लागले की सिस्टर म्हणतात, “पुस्तक बाजूला ठेव, येथे असे चालत नाही.” महाविद्यालयातल्या मॅडम मात्र पुस्तकाप्रमाणेच करायला सांगतात. मी कोठेच बसत नाही, असे वाटते. मनापासून सांगायचे, तर मला स्वतःला अजून नर्स म्हणवतच नाही.

तुमचे पत्र वाचून सर्वप्रथम हे सांगावेसे वाटते, की तुम्ही जे अनुभवत आहात ते तुमच्या कमकुवतपणाचे लक्षण नाही. शिक्षणातून प्रत्यक्ष कामात शिरताना होणाऱ्या या धक्क्याचा अभ्यास मार्लिन क्रेमर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याला ‘वास्तवाचा धक्का’ असेच नाव दिले. सुरुवातीचे भारावलेपण, मग धक्का, त्यानंतर सावरणे आणि शेवटी दोन्ही बाजूंचा काही मेळ घालणे, असा प्रवास त्यांनी नोंदवला. हा मेळ कोणत्या दिशेने घातला जातो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. काहीजण शिकलेले सारे टाकून देऊन वॉर्डाच्या सवयी जशाच्या तशा उचलतात, काहीजण व्यवसायच सोडतात आणि काहीजण दोन्ही ठिकाणचे ज्ञान पारखून स्वतःची वाट तयार करतात. तुम्ही या तिसऱ्या वाटेने जावे, अशी माझी इच्छा आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सिस्टर जे करतात ते सर्व चुकीचे आहे, असे गृहीत धरू नका. बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या वाटचालीचे नवशिक्यापासून निष्णातापर्यंतचे पाच टप्पे मांडले, तेव्हा त्यांनी दाखवून दिले, की नवशिका नियमांच्या आधाराने काम करतो आणि निष्णात नर्स संपूर्ण परिस्थिती एका नजरेत पकडते, त्यामुळे तिचे काम नियमांच्या क्रमाने चालताना दिसत नाही. एखाद्या सिस्टरने रुग्णाच्या खोलीत पाऊल टाकताच त्याचा रंग, बसण्याची ढब आणि बोलताना लागणारा दम पाहून घेतलेला असतो; तुम्हाला मात्र तिने तपासणीचे अर्धे टप्पे वगळले असे वाटते. त्याच वेळी हेही खरे, की वॉर्डातल्या काही सवयींमागे कोणतेही ज्ञान नसते. तेथे फक्त थकवा असतो, माणसे कमी असतात आणि आजवर निभावले म्हणून पुढेही निभावेल असा समज असतो. या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी निवांत वेळी, आदराने आणि खरोखर जाणून घेण्याच्या इच्छेने विचारा : “सिस्टर, तुम्ही हे असे का केलेत, ते मला समजावून सांगाल का?” उत्तर रुग्णाविषयी असेल, तर ते लिहून ठेवा, कारण पुस्तकात न सापडणारे काहीतरी तुम्हाला मिळाले आहे. उत्तर फक्त वेळेविषयी असेल, तर ती सवय तुम्ही उचलण्याची गरज नाही.

आणि काही बाबतींत विचारण्याचीही गरज नाही. औषध देण्यापूर्वी रुग्णाची ओळख पटवणे, हात स्वच्छ करणे, दिलेल्या औषधाचीच आणि दिल्यानंतरच नोंद करणे, रुग्णाच्या परवानगीशिवाय आणि आडोशाशिवाय त्याचे अंग उघडे न करणे, या गोष्टी कोणाच्याही सांगण्यावरून सोडायच्या नसतात. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली प्रथम स्वीकारलेल्या आणि २०२१ मध्ये सुधारलेल्या आचारसंहितेत नर्सची व्यावसायिक जबाबदारी रुग्णाप्रती, किंबहुना ज्यांना ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्यांच्याप्रती, सर्वप्रथम मानली आहे. येथे तुमचा नकार नम्र असावा, पण तो असावा. “मला नाव विचारून खात्री करूनच द्यायचे आहे, सिस्टर, एक मिनिट लागेल,” एवढे वाक्य पुरते.

स्वतःला नर्स म्हणवत नाही, याविषयी. विद्यार्थीदशेत कामे बहुधा तुकड्यांनी मिळतात. कोणी सर्व रुग्णांचा रक्तदाब मोजतो, कोणी सर्वांची अंथरुणे बदलतो. कामाचे असे तुकडे करत राहिल्याने हात तयार होतो, पण एकही रुग्ण ‘माझा’ होत नाही, आणि ज्याला स्वतःचा रुग्ण नाही त्याला आपण नर्स आहोत असे वाटण्याचे कारणच उरत नाही. तुमच्या शिक्षिकांना स्पष्टपणे सांगा, की देखरेखीखाली का होईना, संपूर्ण पाळीसाठी एका रुग्णाची सर्व शुश्रूषा मला द्या : त्याचा केअर प्लॅन म्हणजे शुश्रूषेचा आराखडा, त्याची औषधे, त्याच्या नातेवाइकांशी बोलणे आणि पाळी संपताना त्याचा हँडओव्हर. हँडओव्हर देताना लोक तुमच्याकडे तोंड करून ऐकतील आणि पुढच्या पाळीची सिस्टर तुम्हाला त्या रुग्णाविषयी प्रश्न विचारेल. इतरांनी आपल्याला त्या जागी गृहीत धरणे हा ओळख घडण्याचा मोठा भाग असतो. ती एकट्याने आरशासमोर बसून घडत नाही.

तुमच्या शिक्षिकांसाठीही दोन शब्द, कारण हा अंक त्यांच्याही हाती पडेल. विद्यार्थी वर्गातल्या शब्दांपेक्षा वॉर्डातल्या वागण्यातून अधिक शिकतात. कनिष्ठांना चारचौघांत बोलणे, रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने हाक मारणे, चूक सांगणाऱ्याला दोष देणे, हा सारा न लिहिलेला अभ्यासक्रम आहे आणि तो रोज शिकवला जातो. महाविद्यालय आणि वॉर्ड यांच्यातील मतभेद विद्यार्थिनीच्या डोक्यावर सोपवून आपण बाजूला होणे योग्य नाही. शिक्षिका आणि वॉर्डच्या सिस्टर यांनी एकत्र बसून कोणत्या प्रक्रियेत कोणती पद्धत चालेल हे ठरवावे आणि ते ठरल्याचे विद्यार्थ्यांना कळावे.

प्रश्न : मी नर्सिंग शिकणारा पुरुष आहे. रुग्ण मला डॉक्टर समजतात, नातेवाईक विचारतात की दुसरे काही मिळाले नाही का, आणि वर्गातही उदाहरणे नेहमी स्त्रीलिंगीच असतात. मला हे काम आवडते, पण यात माझी जागा आहे का?

आहे, आणि ती कोणी उपकार म्हणून दिलेली नाही. जगातील नर्सपैकी सुमारे ९० टक्के स्त्रिया आहेत, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालात नमूद आहे. परंतु त्यामागे स्वभावधर्म नसून इतिहास आहे. युरोपातील मध्ययुगीन धार्मिक संघांत पुरुष शुश्रूषेचे काम करत होते. पुढे व्यवसायाची आधुनिक रचना स्त्रियांभोवती उभी राहिली आणि दारे बंद झाली. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने पुरुषांना १९६० पर्यंत सदस्यत्वही दिले नव्हते. रुग्णाने डॉक्टर म्हटले तर त्याच क्षणी, शांतपणे, “मी नर्स आहे, आजच्या पाळीत तुमची काळजी माझ्याकडे आहे,” असे सांगा. चुकीचा समज सोयीचा वाटला तरी तो राहू देऊ नका, कारण रुग्णाला आपल्याशी कोण बोलत आहे हे कळण्याचा हक्क आहे. शिक्षकांना माझी विनंती आहे, की उदाहरणे देताना आणि वॉर्डातले पोस्टिंग ठरवताना या विद्यार्थ्यांना उचलण्याच्या आणि ढकलण्याच्या कामांपुरते धरू नये.

प्रश्न : आमच्या संस्थेत व्यावसायिक ओळखीसाठी गुण ठेवावेत, असा प्रस्ताव आहे. त्यासाठी विद्यार्थ्यांकडून आत्मचिंतनपर लेखन घ्यायचे ठरत आहे. आपले मत काय?

माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे आणि त्याची कारणे देतो. ओळख ही शिक्षणाची निष्पत्ती आहे, याबद्दल दुमत नाही. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय मूल्यमापनाचा चार पायऱ्यांचा जो पिरॅमिड मांडला, त्यात माहिती असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष करणे अशी चढण होती. २०१६ मध्ये रिचर्ड आणि सिल्व्हिया क्रुएस यांनी इव्हॉन स्टाइनर्ट यांच्यासह त्याच्या वर ‘असणे’ ही पाचवी पायरी सुचवली. नर्सिंगच्या शिक्षकांनीही हा विचार आपलासा केला आहे आणि अमेरिकेतील नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या चौकटीत व्यावसायिक ओळखीची घडण हे स्वतंत्र क्षेत्राचे उद्दिष्ट आहे. तरीही, एखादी गोष्ट घडावी असे वाटणे आणि तिला गुण देणे या वेगळ्या बाबी आहेत.

आत्मचिंतनाला गुण दिले, की विद्यार्थी चिंतन करण्याऐवजी परीक्षकाला आवडेल ते लिहू लागतो. रुग्णाच्या मृत्यूनंतर मला काहीच वाटले नाही आणि त्याचीच मला भीती वाटली, असे प्रामाणिक वाक्य गुणांसाठी कोणी लिहिणार नाही. पण शिक्षकाने ऐकायला हवे ते वाक्य हेच आहे. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. व्यावसायिकतेचे गुण अनेकदा शिक्षकाच्या आवडीनिवडीचे गुण ठरतात. कमी बोलणारी, वेगळ्या बोलीत बोलणारी, किंवा वरिष्ठांना अवघड प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी त्यात मागे पडते आणि तिला कारणही सांगता येत नाही.

गुण द्यायचे असतील तर दिसणाऱ्या कृतींना द्या. रुग्णाची चिंता योग्य व्यक्तीपर्यंत वेळेत पोहोचवली का, चूक झाल्यावर ती स्वतःहून कळवली का, रुग्णाच्या खासगीपणाची काळजी घेतली का, या बाबी एकाहून अधिक निरीक्षकांना, वेगवेगळ्या दिवशी पाहता येतात. ओळखीसाठी मात्र प्रत्येक सत्रात विद्यार्थी आणि एक ठरलेला शिक्षक यांच्यात निवांत संवाद व्हावा, त्याची नोंद विद्यार्थ्याकडे राहावी आणि तिचा निकालाशी संबंध नसावा. यासाठी शिक्षकांचा वेळ लागतो, हे संस्थेने मान्य करून तो वेळापत्रकात धरायला हवा. नाहीतर हा संवादही लॉगबुकमधली आणखी एक सही होईल.

प्रश्न : वॉर्ड सोडून मी पूर्णवेळ अध्यापनात आले, त्याला बराच काळ लोटला. रुग्णालयातल्या नर्स मला आपल्यातली मानत नाहीत आणि विद्यापीठातले इतर विषयांचे प्राध्यापक मला पूर्ण प्राध्यापक मानत नाहीत. ज्या ओळखीबद्दल मी विद्यार्थ्यांना सांगते, ती माझ्याकडे उरली आहे का, असा प्रश्न पडतो.

ओळखीच्या चर्चेत विद्यार्थ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि शिक्षकांविषयी फार थोडे, त्यामुळे आपला प्रश्न मला विशेष मोलाचा वाटतो. नर्सिंगची शिक्षिका दोन व्यवसायांत एकाच वेळी उभी असते. मेरी ॲडलेड नटिंग १९०७ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात प्राध्यापक झाल्या आणि नर्सिंगमधील जगातील पहिल्या प्राध्यापक ठरल्या. तेव्हापासून विद्यापीठातील आपले स्थान पटवून देण्याचे ओझे या क्षेत्रातील शिक्षकांवर आहे. ते ओझे पेलताना संशोधन, पदव्या आणि प्रकाशने यांना वेळ द्यावा लागतो आणि वॉर्ड दूर जातो. ही तडजोड आपण एकट्याने केलेली नाही, ती व्यवस्थेने आपल्याकडून करवून घेतली आहे.

आपण अजूनही नर्स आहात, असे मी मानतो. बार्बरा कार्पर यांनी १९७८ मध्ये नर्सिंगमधील ज्ञानाचे चार प्रकार मांडले : शास्त्रीय, नैतिक, वैयक्तिक आणि शुश्रूषेच्या कलेचे. वॉर्डापासून दूर राहिल्याने यांतले चौथे सर्वांत आधी गंजते, हातांचा वेग आणि नव्या यंत्रांची सवय जाते, हे खरे आहे. नैतिक जाण आणि रुग्णाकडे माणूस म्हणून पाहण्याची सवय मात्र तशी जात नाही, आणि विद्यार्थ्याला आपल्याकडून नेमके तेच घ्यायचे असते. पण एक गोष्ट मला आपल्यापासून लपवायची नाही. शिक्षक नर्सच्या ओळखीकडे कसे पाहतात, हे त्यांच्या स्वतःच्या वॉर्डाच्या आठवणी किती जुन्या आहेत यावर फार अवलंबून असते. ज्यांचा वॉर्डाशी संबंध तुटला, ते बहुधा आपल्या काळातल्या नर्सचे चित्र विद्यार्थ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवतात. त्या चित्रात कामाचा आजचा ताण, आजची यंत्रे, नोंदींचा आजचा भार आणि आजचा प्रश्न विचारणारा रुग्ण यांपैकी काहीच नसते. विद्यार्थी वॉर्डात जातो, चित्र आणि वास्तव जुळत नाहीत, आणि मग तो आपल्यावर विश्वास ठेवणे थांबवतो.

काही संस्थांत एकाच व्यक्तीची नेमणूक महाविद्यालय आणि रुग्णालय या दोन्ही ठिकाणी केली जाते. आपल्या संस्थेत तशी सोय नसेल, तर ती मागा, आणि मिळेपर्यंत थांबू नका. विद्यार्थ्यांच्या पोस्टिंगच्या दिवसांत वॉर्डाच्या टेबलाशी उभे राहून सह्या करण्याऐवजी एका विद्यार्थिनीबरोबर एका रुग्णाची शुश्रूषा प्रत्यक्ष करा. नवे यंत्र लावता येत नसेल, तर विद्यार्थिनीसमोरच वॉर्डच्या सिस्टरना विचारा. न येणारी गोष्ट मोकळेपणाने विचारणारी शिक्षिका पाहिलेली विद्यार्थिनी पुढे स्वतःच्या ड्युटीवर अंदाजाने औषधाचा पंप लावणार नाही, आणि ज्या सिस्टरना आपण विचारले, त्यांचाही आपल्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलू लागेल. सत्राच्या आरंभी वॉर्डच्या प्रमुख सिस्टरना भेटून आठवड्यातील एक सकाळ यासाठी ठरवून घ्या, आणि त्या सकाळी बैठक बोलावली गेली तर आपण वॉर्डात आहोत, असे विभागप्रमुखांना कळवा.